जुन्या संगणकभाषांचा चालता कारभार

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं. गणितात एखादी गोष्ट जुनी झाली म्हणून कुणी टाकून देत नाही. संगणकाच्या जगात रीत उलटी आहे. तिथे दहा वर्षांपूर्वीचं ते म्हातारं ठरतं आणि पन्नास वर्षांपूर्वीचं मेलेलं. जुन्या संगणकभाषांना कालबाह्य म्हणणं कितपत रास्त, हा आजचा प्रश्न मी म्हणूनच निवडला. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. हा निवाडा वय पाहून करता येत नाही. भाषेची निगा राखली जाते का, आणि जे काम तिच्यावर सोपवलंय त्याला ती पुरी पडते का, हे पाहून तो करावा लागतो. निगा थांबली की वीस वर्षांची भाषाही संपते. निगा राहिली तर साठीपलीकडची भाषाही आपल्या पगाराचा आणि पेन्शनचा हिशोब बिनचूक करत राहते.

कोबोलपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त टिंगल तिच्याच वाट्याला आली.

१९५९ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनजवळ पेंटागॉनमध्ये एक बैठक भरली. संगणक बनवणाऱ्या कंपन्या, सरकारी खाती आणि संगणक वापरणारे मोठे ग्राहक एकत्र आले होते. अशी बैठक व्हावी हा आग्रह मेरी हॉज या प्रोग्रामर बाईंनी धरला होता. अडचण रोजच्या व्यवहारातली होती. प्रत्येक कंपनीच्या यंत्राची बोली वेगळी. यंत्र बदललं की पगारपत्रकापासून गोदामाच्या साठ्यापर्यंत सगळे प्रोग्राम पुन्हा लिहायचे. ग्रेस हॉपर यांची फ्लो-मॅटिक ही भाषा तेव्हा वापरात होती. साध्या इंग्रजी वाक्यांसारख्या सूचना देऊन व्यापारी हिशोब करता येतात, हे तिने दाखवून दिलं होतं. तो धागा घेऊन नव्या भाषेचा आराखडा ज्या समितीने केला, तिचं नावच अल्पमुदतीची समिती असं होतं. दीर्घ मुदतीचं काम दुसऱ्यांनी सावकाश करायचं, तोवर ही तात्पुरती सोय. प्रत्यक्ष मांडणी सहा जणांनी केली. त्यांत जीन सॅमेट आणि गर्ट्रूड टियर्नी या दोन स्त्रिया होत्या.

भाषा पुरती उभी राहण्याआधीच ती टिकणार नाही असं बोललं जाऊ लागलं. समितीतल्या हॉवर्ड ब्रोमबर्ग यांनी कामाच्या दिरंगाईला वैतागून कोबोल हे नाव कोरलेला एक थडग्याचा दगड विकत घेतला आणि पेंटागॉनमधल्या प्रमुखांना पाठवून दिला. तो दगड आज कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे. आणि १९६० च्या डिसेंबरात आरसीए आणि युनिव्हॅक या दोन निराळ्या यंत्रांवर एकच कोबोल प्रोग्राम चालवून दाखवण्यात आला. प्रोग्राम ही एका यंत्राची मालमत्ता राहिली नाही. आज आपण हे इतकं गृहीत धरतो की त्यात काही विशेष होतं हेच लक्षात येत नाही.

आता कोबोल पैसे कसे मोजते ते पाहू. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण जुन्या भाषेची बाजू नुसती भावनेने मांडायची माझी इच्छा नाही.

संगणक आतून दोन अंकांत मोजतो. आपल्या दशमान पद्धतीत एक भागिले तीन लिहायला गेलं की ३३३ चं शेपूट संपत नाही. तसंच दोन अंकांच्या पद्धतीत एक दशांश, म्हणजे रुपयातले दहा पैसे, पुरते लिहिता येत नाहीत. कुठेतरी तोडावं लागतं. म्हणून पायथनसारख्या आजच्या भाषेत ०.१ आणि ०.२ यांची साधी बेरीज केली तर दशांश चिन्हानंतर सतराव्या जागी एक ४ उमटतो, जो तिथे असायला नको. एका बेरजेत हे नगण्य आहे. पण लाखो खात्यांवर रोजचं व्याज आकारायचं आणि वर्षअखेरीस ताळेबंद पैशापर्यंत जुळवायचा, तेव्हा हा ४ हिशोबनिसाची झोप उडवतो. कोबोलमध्ये प्रोग्रामर प्रत्येक रकमेचा साचा आधी जाहीर करतो: रुपयांचे इतके अंक, मग दशांशाची जागा, मग पैशांचे दोन अंक. बेरीज, वजाबाकी, व्याजाची आकारणी दशमान पद्धतीनेच होते, शाळेत पाटीवर करत होतो तशी. आयबीएमच्या मेनफ्रेम या मोठ्या यंत्रांत तर दशमान अंकगणिताची सोय थेट यंत्रातच केलेली आहे. नव्या भाषांना हे जमत नाही असं नाही. जावा आणि पायथन या दोन्हींत दशमान हिशोबाची वेगळी साधनं आहेत. पण ती आठवणीने वापरावी लागतात. विसरलं तर भाषा सावध करत नाही. पैशाचा हिशोब हेच ज्या भाषेचं जन्मकार्य, तिथे विसरायला जागाच ठेवलेली नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. कोबोल शब्दबंबाळ आहे. जुन्या कोबोल प्रोग्रामात एका कोपऱ्यातून थेट दुसऱ्या कोपऱ्यात उडी मारायची मुभा होती आणि लोकांनी ती मनसोक्त वापरली. प्रोग्राम चालू असतानाच त्या उडीचं ठिकाण बदलणारी एक आज्ञाही होती, जिच्यामुळे असा प्रोग्राम वाचणं म्हणजे शिक्षाच. १९७५ साली संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी कोबोलचा वापर बुद्धी पांगळी करतो, तिचं शिक्षण हा गुन्हा मानावा, अशा अर्थाचं टिपण लिहिलं. मोठ्या माणसाचा शब्द. विद्यापीठांनी तो फार मनावर घेतला. मला वाटतं, त्या तिरस्कारात भाषेच्या दोषांइतकाच कामाचा हलकेपणाही मिसळलेला होता. पगारपत्रकं, विम्याचे हप्ते, गोदामातली पोती यांत बुद्धीचं काम ते काय, असा तो सूर. भाषा मात्र सुधारत राहिली. ती घातक आज्ञा १९८५ च्या प्रमाणकात निवृत्तीला लावली गेली आणि २००२ च्या प्रमाणकात काढून टाकली गेली. पुढची प्रमाणकं २०१४ आणि २०२३ साली आली. टीका करणारे बहुतेक जण १९७० सालच्या कोबोलशी भांडत राहिले.

२०२० च्या एप्रिलची गोष्ट. कोविडमुळे अमेरिकेत एकाएकी लाखो लोक बेकार झाले आणि बेकारभत्त्यासाठी अर्जांचा लोंढा आला. न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी जाहीरपणे कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना हाक दिली. जगभर बातमी झाली: साठ वर्षांच्या भाषेने लोकांचे पैसे अडकवले. संगणकाच्या इतिहासाच्या अभ्यासक मार हिक्स यांनी नंतर दाखवून दिलं की तिथे खरी कोंडी झाली होती ती अर्ज भरायच्या संकेतस्थळावर, आणि तो भाग जावामध्ये लिहिलेला होता. मागच्या मेनफ्रेमचं कोबोल आपलं काम करत होतं. त्याही व्यवस्थेची देखभाल करणाऱ्या माणसांवरचा खर्च वर्षानुवर्षं कापला गेला होता. माणसं निवृत्त झाली, त्यांच्या जागा भरल्या नाहीत. हाक द्यावी लागली ती त्या रिकाम्या खुर्च्यांसाठी.

हे चक्र नीट पाहण्यासारखं आहे. आधी भाषेला कालबाह्य म्हणायचं. मग ती महाविद्यालयात शिकवायची नाही. मग ती जाणणारी माणसं कमी होतात. आणि मग माणसं मिळत नाहीत हाच ती कालबाह्य असल्याचा पुरावा म्हणून दाखवायचा. गाळ उपसणं बंद करून विहिरीला नावं ठेवावीत, तसं हे आहे.

आपल्याकडे तर हे अधिकच लागू पडतं, कारण मुंबई-पुण्यातल्या संगणक व्यवसायाची पायाभरणी ज्या कामांवर झाली, त्यांत कोबोलचा वाटा मोठा आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने परदेशी ग्राहकांची जी पहिलीवहिली कामं घेतली, त्यांत एक रुग्णालयाच्या व्यवस्थेचं होतं. बरोझ कंपनीच्या एका यंत्रमालिकेसाठी लिहिलेलं कोबोल तिच्याच दुसऱ्या मालिकेवर न्यायचं. आणि हे काम मुंबईतल्या आयसीएल कंपनीच्या यंत्रावर केलं गेलं. बरोझचं यंत्र हाताशी नसताना बरोझसाठीचा प्रोग्राम तयार झाला, कारण भाषा समाईक होती. या कंपनीची धुरा वाहणाऱ्या फकीरचंद कोहली यांच्या पिढीने इथून सुरुवात केली. पुढे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वाय-टू-केची, म्हणजे २००० साल लागताच तारखांचे हिशोब चुकतील याची, धास्ती आली. जागा वाचवण्यासाठी सालाचे शेवटचे दोनच अंक साठवण्याची रीत ८० रकान्यांच्या पंच कार्डांच्या दिवसांपासून पडली होती. तो दोष साठवणीच्या काटकसरीचा होता. चार अंकी साल लिहायला कोबोलने कधी मनाई केली नव्हती. तरी नाव कोबोलचंच खराब झालं. ते लक्षावधी ओळींचं कोबोल वाचून दुरुस्त करायला जी माणसं लागली, त्यांत भारतीय प्रोग्रामर मोठ्या संख्येने होते. अनेक मराठी घरांतला पहिला परदेश प्रवास त्या दोन अंकांमुळे घडला.

आणि आज? हिंजवडीत नव्याने रुजू झालेल्या मुलाला 'मेनफ्रेमला टाकलं' की तो घरी फोन करून रडकुंडीला येतो. त्याची भीती खोटी नाही. नव्या नोकरीच्या मुलाखतीत त्याला खरंच कमी लेखलं जाईल, हे त्याला ठाऊक आहे. परंतु ज्या प्रोग्रामवर त्याला बसवलंय त्यात एखाद्या विमा कंपनीचे चाळीस वर्षांचे नियम आहेत. कुठल्या वर्षीच्या पॉलिसीला कोणता बोनस, कोणत्या कायद्यानंतर कोणती सवलत बंद. त्यांतले कित्येक नियम आता दुसऱ्या कुठल्या कागदावर शिल्लक नसतात. ते फक्त त्या प्रोग्रामात आहेत. तो मुलगा एका संस्थेच्या दप्तराचा एकमेव वाचक आहे, हे त्याला कुणी सांगत नाही. आपण त्याला हे सांगितलं पाहिजे.

आता शास्त्रीय आकडेमोडीच्या फोरट्रान या भाषेकडे वळतो. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ साली ती वापरात आणली. त्या काळच्या प्रोग्रामरांचा विश्वासच नव्हता की हाताने लिहिलेल्या यंत्रसूचनांची बरोबरी एखादा कंपायलर, म्हणजे भाषेतल्या सूचना यंत्रसूचनांत बदलून देणारा प्रोग्राम, करेल. त्यामुळे बॅकसच्या गटाने पहिल्या दिवसापासून वेगाचाच ध्यास घेतला आणि तो गुण भाषेच्या अंगी मुरला. एक उदाहरण देतो. एखाद्या उपप्रोग्रामला संख्यांच्या दोन रांगा दिल्या, तर त्या स्मृतीत एकमेकींवर चढलेल्या नाहीत असं फोरट्रानचा कंपायलर धरून चालू शकतो. भाषेचा नियमच तसा आहे. त्यामुळे आकडेमोडीचा क्रम सोयीने बदलून अनेक बेरजा एकदम उरकायला तो मोकळा असतो. सी भाषेत अशी खात्री नव्हती. तिथे तशी ग्वाही देणारा शब्द १९९९ च्या प्रमाणकात घालावा लागला, आणि ती ग्वाही प्रोग्रामरने स्वतः द्यायची.

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. मान्सून मिशनखाली तिथे हवामानाच्या ज्या सीएफएस प्रारूपावर काम झालं, ते मुख्यतः फोरट्रानमध्ये आहे. २०१८ साली तिथे बसवलेला 'प्रत्युष' हा महासंगणक अशीच प्रारूपं चालवण्यासाठी आणला. जून महिन्यात मराठवाड्यातला शेतकरी ज्या अंदाजाकडे डोळे लावून बसतो, त्यामागे ही भाषा आहे. रेल्वेचं आरक्षणही पाहा. क्रिस या रेल्वेच्या संस्थेने देशभर नेलेली आरक्षणप्रणाली दीर्घकाळ फोरट्रान आणि सीवर चालत आली आहे. दादरच्या खिडकीवर तिकीट काढताना आपण कितीदा तरी फोरट्रानशी व्यवहार केला असेल. आणि जो तरुण म्हणतो की मी फक्त पायथन वापरतो, तो मोठं समीकरण सोडवतो तेव्हा आकडेमोड अनेकदा लापॅक या गणिती पद्धतींच्या संचाने होते. हा संच १९९२ साली फोरट्रानमध्ये प्रसिद्ध झाला. २०२० च्या सुमारास काही तरुण शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन फोरट्रानसाठी समाईक ग्रंथालय आणि नवी साधनं उभारायला घेतली. निगा म्हणतो ती ही.

मग कालबाह्य असं काही नसतंच का? असतं. त्याचं उदाहरण आपल्या गावागावात आहे.

१९९० च्या दशकात महाराष्ट्रातल्या पतसंस्था, साखर कारखाने, दूध संघ, किराणा दुकानं यांचे हिशोब संगणकावर आले, ते बहुतांशी डीबेस आणि फॉक्सप्रोच्या आधाराने. गावातलाच एखादा हुशार मुलगा ते लिहून द्यायचा. ऊसबिलं, भागधारकांची खाती, पिग्मीचा रोजचा भरणा, सगळं त्यात. फॉक्सप्रो उत्तम होती आणि झपाट्याने शिकता येत होती. पण तिचं कुठलंही सार्वजनिक प्रमाणक नव्हतं. ती एका कंपनीच्या मालकीची होती. मायक्रोसॉफ्टने शेवटची आवृत्ती २००४ साली काढली, २००७ साली पुढची निघणार नाही असं जाहीर केलं आणि २०१५ च्या जानेवारीत उरलासुरला आधारही काढून घेतला. जगभरच्या वापरकर्त्यांच्या विनंत्या वाया गेल्या. कोबोल १९५९ ची, फॉक्सप्रो १९८० च्या दशकातली. कोण कालबाह्य झालं ते उघड आहे. (जुन्या खासगी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मराठी पुस्तकांच्या फायली आज उघडल्या तर जी अक्षरांची रांगोळी दिसते, तिचं कारणही हेच. संकेत समाईक नव्हता.) भाषा एका कंपनीच्या मालकीची नसली तरी धोका टळतोच असं नाही. पायथनच्या दुसऱ्या पिढीचा आधार तिच्या कर्त्यांनी १ जानेवारी २०२० रोजी संपवला, आणि तिच्यात लिहिलेले असंख्य प्रोग्राम डागडुजी केल्याशिवाय तिसऱ्या पिढीवर चालत नाहीत. १९७७ च्या प्रमाणकानुसार नीट लिहिलेलं फोरट्रान मात्र आजचे कंपायलर बहुधा मुकाट्याने स्वीकारतात.

दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे: भाषा जिवंत आहे, निगाही आहे, पण तिच्या घडणीतच आजच्या काळाला न परवडणारा धोका आहे. मी सी भाषेबद्दल बोलतो आहे. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडवलेली ही भाषा मला अतिशय प्रिय आहे. तरी तिच्यावरचा आरोप मी मान्य करतो. सी प्रोग्रामरवर पूर्ण विश्वास टाकते. दहा घरांच्या रांगेतलं अकरावं घर मागितलं तर ती अडवत नाही, शेजारच्या स्मृतीत जे असेल ते देऊन टाकते. २०१४ साली उघडकीला आलेली हार्टब्लीड ही त्रुटी अशीच होती, जिच्यातून जगभरच्या सर्व्हरांची गुपितं पाझरू शकत होती. आपल्या उत्पादनांतल्या सुरक्षात्रुटींपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीच्या अशा गैरवापरातून येतात, असं मायक्रोसॉफ्टने २०१९ साली सांगितलं. २०२४ च्या फेब्रुवारीत व्हाइट हाऊसच्या सायबर कार्यालयाने सुरक्षित भाषांकडे वळण्याचं आवाहन केलं. लिनक्सच्या गाभ्यात २०२२ च्या डिसेंबरात रस्ट या सुरक्षित भाषेला प्रवेश मिळाला, तो याच कारणाने.

आणि हा इलाज नवा नाही. संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांनी १९८० च्या ट्युरिंग व्याख्यानात सांगितलेली हकिगत ऐका. साठच्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमधल्या एलियट कंपनीसाठी त्यांनी अल्गोल ६० या भाषेचा कंपायलर केला. रांगेतलं घर खरोखर अस्तित्वात आहे का, ही तपासणी तो प्रत्येक वेळी करायचा. काही वर्षांनी ग्राहकांना विचारलं, वेगासाठी ही तपासणी बंद करायची सोय हवी का? ग्राहकांनी एकमुखाने नको म्हटलं. चुका किती होतात हे त्यांनी रोज पाहिलं होतं. म्हणजे अल्गोलच्या त्या कंपायलरकडे जे शहाणपण होतं, ते त्याच्यानंतर दहाएक वर्षांनी आलेल्या सीने वेगापायी सोडलं, आणि आपण ते आता नव्याने विकत घेतो आहोत. नवं ते पुढचं असतं असं मानणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी या एका प्रसंगावर विचार करावा.

जुनं काढून नवं बसवण्याला माझा विरोध नाही. फक्त त्याची किंमत खरी सांगितली जावी. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने २०१८ च्या एप्रिलमध्ये आपली सुमारे ५० लाख ग्राहकांची खाती नव्या प्रणालीवर नेली. त्यातल्या लाखोंना कित्येक दिवस आपले पैसे धड दिसेनात. २०२२ साली नियामकांनी बँकेला ४.८६ कोटी पौंडांहून अधिक दंड केला. ऑस्ट्रेलियातल्या कॉमनवेल्थ बँकेने हेच काम यशस्वी केलं, पण त्याला पाच वर्षं आणि १०० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त लागले. जिथे नियमांचं ज्ञान आधी नीट वाचून काढलं, तिथे स्थलांतर साधतं. जुना प्रोग्राम न वाचता तो बदलायला निघालेल्यांना नवी भाषा वाचवू शकत नाही.

म्हणून समोर बसलेल्या प्राध्यापकांना आणि सहकारी संस्थांच्या संचालकांना एक सुचवतो. कोबोल आणि फोरट्रानचे कंपायलर आज फुकट मिळतात आणि प्रयोगशाळेतल्या कुठल्याही साध्या संगणकावर चालतात. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला एक सत्र वाचनासाठी ठेवावं. त्यात विद्यार्थ्यांनी नवं काही लिहायचं नाही. जिल्ह्यातल्या एखाद्या पतसंस्थेचा किंवा कारखान्याचा चालू असलेला जुना प्रोग्राम, मग तो कोबोलमधला असो की फॉक्सप्रोतला, संस्थेच्या परवानगीने आणि खातेदारांची माहिती वगळून, घ्यायचा. व्याज कसं आकारलं जातं, थकबाकी केव्हा धरली जाते, पैशांची गोळाबेरीज कुठे होते, हे एकेक नियम करून सरळ मराठीत लिहून काढायचं. मग ते टिपण संस्थेच्या जुन्या हिशोबनिसाला दाखवायचं आणि चुकलेलं दुरुस्त करून संस्थेच्या दप्तरात ठेवायचं. पुढे प्रोग्राम ठेवायचा की बदलायचा, हे संचालकांनी त्या टिपणावरून ठरवावं. आणि कामाला लागताना निवड अशा संस्थांपासून करावी जिथला प्रोग्राम लिहिणारा माणूस अजून गावात आहे आणि विचारलं तर बसून समजावून सांगायला तयार आहे.